कुरणावर न झालेलं वीजकेंद्र

गेझीनाच्या गावात वाढदिवसाला कुणी कुणाला बोलवत नसे. ज्याला आठवण असेल त्याने दुपारी कॉफीला यायचं. त्यामुळे सख्ख्या भावालाही बोलावण्याची सोय नव्हती. आणि कोळशाच्या वीजकेंद्रावरून बिनसल्यापासून हा भाऊ, डेटलेफ, तिच्या उंबऱ्याला शिवला नव्हता.

काय दिवस होते ते. खाडीकाठच्या कुरणावर वीजकेंद्र येणार, खाडीतली मासळी मरणार म्हणून अख्खं गाव रस्त्यावर उतरलं होतं. पहाटे हेरिंग मासे पकडून आलेले कोळी ओल्या बुटांनीच सभेला बसत, चर्चमध्ये सगळ्यांसाठी सूप शिजे आणि गेझीना घसा बसेपर्यंत बोले. जुनं अणुवीज केंद्र बंद पडल्यावर घरी बसलेला डेटलेफ तेवढा मागच्या बाकावरून म्हणायचा, "मासळी वाचेल गं, माणसं कुठं जातील?" शेवटी कंपनीने गाशा गुंडाळला. कुरण राहिलं, आणि डेटलेफ पोटापाठी हॅम्बुर्गला गेला. म्हातारपणी परतला, तो तोंडात मिठाची गुळणी धरूनच. लढाई संपली तशा सभाही संपल्या. ते गजबजलेलं गाव गेझीनाला अजून स्वप्नात दिसे.

उद्या तिची सत्तरी. खसखशीचा केक ओव्हनमधून काढतेय, तोच दारात डेटलेफ.

"एक दिवस आधी आलास," ती म्हणाली.

"ठाऊक आहे. अजून डोकं शाबूत आहे माझं." तो खुर्चीत बसला. "उद्या सकाळी लेक न्यायला येतेय. हॅनोव्हरला. घर विकलं."

निदान सत्तरीला तरी तो येईल, या आशेवर तर ती जगत होती.

"वीजकेंद्र झालं असतं तर लेक इथंच राहिली असती," तो म्हणाला.

"आणि तू दिवसभर खोकत बसला असतास."

"बसलो असतो. पण इथं."

गेझीनाने केक टेबलावर आणून ठेवला.

"मग शुभेच्छा आत्ताच दे," ती म्हणाली.

"वेडी की काय? आधी दिल्या तर वर्ष वाईट जातं. आई काय म्हणायची?"

"तू निघालास, म्हणजे ते तसंही वाईटच जाणार. दे."

डेटलेफ उठला, त्याने टोपी काढली आणि तिचा हात हातात घेऊन शुभेच्छा दिल्या. तिने डोळे पुसले आणि केकवर सुरी ठेवली.

"अगं, उद्या पाहुण्यांना काय देशील?"

"कॉफी," गेझीना म्हणाली. "हा तुझ्यासाठीच केला होता."