महिपतीचे दोन दाखले

बारामतीच्या कोर्टातल्या कारकुनाने दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "आबा, माणूस एकदाच मरतो. तुमचा मुलगा दोनदा मेलाय."

बाकावर बसलेली दोन-तीन माणसं हसली. जोतीरामही कसनुसं हसला, कारण कोर्टात कुणी हसलं की आपणही हसावं असं त्याला आठ महिन्यांत कळलं होतं. एका दाखल्यावर नगरपालिकेचा शिक्का होता: महिपती मंगळवारी बारामतीच्या दवाखान्यात वारला. दुसऱ्यावर ग्रामपंचायतीचा: महिपती बुधवारी राहत्या घरी वारला. दुसऱ्या दाखल्याची खबर देणारा म्हणून जोतीरामचाच अंगठा होता.

महिपती हा जोतीरामचा एकुलता मुलगा. इंदापूर तालुक्यात पाटबंधारे खात्याच्या कालव्यावर चौकीदार होता. त्र्याण्णवच्या मार्चमध्ये पोटात दुखायचं निमित्त झालं आणि अडतिसाव्या वर्षी गेला. मागे बायको झुंबर, दोन लहान मुली आणि म्हातारा-म्हातारी. खात्यातला साहेब भला माणूस. त्याने सांगितलं की नवऱ्याच्या जागी झुंबरला कामावर घेता येईल, फक्त कोर्टाचा वारस दाखला आणा. नोकरी मिळाली तर कालव्याकाठची खोली राहील, मुलींची शाळा राहील. नाहीतर झुंबरला मुली घेऊन भावाच्या दारात जावं लागेल, आणि त्या भावाची बायको कशी आहे ते सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हणून जोतीराम कोर्टाची पायरी चढला. आधी इंदापूरला गेला. तिथं म्हणाले, हे काम बारामतीचं. बारामतीला वकील गाठला. वकील तरुण होता, बोलायला गोड होता. त्याने वारसांची नावं लिहून घेतली: बायको, दोन मुली, आई. जोतीराम वाट बघत राहिला, पण लिहिणारा हात तिथंच थांबला. कायद्यात बाप पहिल्या वारसांत येत नाही, आई येते, असं वकिलाने समजावून सांगितलं. जोतीरामला काही नको होतं, तरी ते त्याला लागलं. घरी येऊन त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

मग अर्ज झाला, वर्तमानपत्रात नोटीस झाली, चावडीवर नोटीस डकवली. कुणाची हरकत आली नाही. एका तारखेला न्यायाधीश रजेवर, एका तारखेला वकील पुण्याला, मग न्यायाधीशांची बदली. दर वेळी पहाटे उठून, भाकरी बांधून, एसटीने जायचं आणि पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात बसायचं. हे सगळं चालेल असं जोतीराम म्हणत होता. तारखा काय, कधीतरी संपतील. पण आता हे दोन कागद निघाले.

दवाखान्याने रीतीप्रमाणे नगरपालिकेला कळवलं होतं. तिथला दाखला महिपतीच्या ऑफिसने मागवून घेतला होता, आणि झुंबरने पिशवीतले होते नव्हते तेवढे कागद भाबडेपणाने वकिलाच्या हातात दिले होते.

वकिलाने जोतीरामला बाहेर लिंबाखाली नेलं. म्हणाला, "आबा, खरं काय ते मला सांगा. कुठं वारला?"

जोतीराम लिंबाच्या बुंध्याशी उकिडवा बसला. मग बोलला.

त्या मंगळवारी महिपती सकाळपासून पाणी मागत होता. आतडं फुटलंय, ऑपरेशन करायचंय, पाण्याचा थेंब द्यायचा नाही, असं डॉक्टरने बजावलं होतं. झुंबरने एकदा भांडं उचललं होतं, ते जोतीरामनेच तिच्या हातातून काढून घेतलं. "आबा, घोटभर," असं महिपती म्हणत राहिला. ऑपरेशनची तयारी चालली असतानाच, दुपारी चारला, तो गेला. गावातल्या रावजीच्या जीपमध्ये घालून त्याला घरी आणलं. दगडाबाई, महिपतीची आई, उंबऱ्यात उभीच होती. जीप थांबायच्या आत तिने विचारलं, "हाय का माझा?"

आणि जोतीरामच्या तोंडून निघून गेलं, "हाय. धुगधुगी हाय. पानी दे त्याला."

तिने चमच्याने पाणी दिलं. दोन चमचे. मांडीवर डोकं घेतलं होतं. मग जोतीरामने त्याच्या नाकाशी हात धरल्यासारखं केलं आणि म्हणाला, गेला. झुंबर शेजारीच होती. तिने पदर तोंडात कोंबला, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अग्नी दिला. चार दिवसांनी ग्रामसेवक आला, त्याने विचारलं तेव्हा दगडाबाई दारातच बसलेली. जोतीराम काय सांगणार? घरी वारला म्हणून सांगितलं. ग्रामसेवकाने अग्नी दिला ती तारीख लिहिली. तेव्हापासून दगडाबाई भेटायला येणाऱ्या प्रत्येक बाईला सांगायची की पोरगा माझ्या हातचं पाणी पिऊन गेला. त्याच्यावरच ती उठत होती, चुलीपुढं बसत होती.

वकील म्हणाला, हे सगळं शपथेवर सांगावं लागेल. आई अर्जदार आहे, तिचाही जबाब होईल.

"तिच्या माघारी सांगितलं तर?"

"आबा, कोर्ट दार लावून बसत नाही."

खात्यातल्या साहेबाने मे अखेरपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणून शब्द दिला होता. पुढं माझ्या हातात नाही, असंही म्हणाला होता. तारीख पडली एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर जोतीरामने दगडाबाईला सांगायचं दहादा ठरवलं. एकदा ती ज्वारी निवडत होती तेव्हा तिच्यापुढं जाऊन बसलादेखील. तिने विचारलं, काय हवं. तो म्हणाला, चुना हाय का.

तारखेला तिघं गेली. दगडाबाईने धुवट लुगडं नेसलं होतं. पोराच्या कामाला निघाले, म्हणाली. शिपायाने पुकारा केला. आधी तिलाच उभी केली. शपथ घेताना तिने हात जोडले. न्यायाधीश नवे होते, मऊ बोलत होते. मुलगा कुठं वारला, असं त्यांनी विचारलं.

"घरी, सायेब. माझ्या मांडीवर. माझ्या हातचं पानी पिऊन गेला. दोन चमचं पानी गेलं त्याच्या पोटात."

न्यायाधीशांनी लिहून घेतलं. मग जोतीरामला बोलावलं. कठड्यात उभं राहिल्यावर दगडाबाई समोरच दिसत होती. झुंबरने मान खाली घातली होती. जोतीरामच्या मनात आलं, घरीच वारला म्हणावं आणि सुटावं. मग नातींची दप्तरं डोळ्यापुढं आली.

वकिलाने विचारलं. जोतीराम म्हणाला, "दवाखान्यात गेला. चार वाजता. घरी आनला तवा त्याच्यात काय नव्हतं. म्या खोटं सांगितलं."

"कुणाला?"

"पंचायतीला." मग दगडाबाईकडे हात करून म्हणाला, "आन् हिला."

दगडाबाई रडली नाही, काही नाही. नुसती नवऱ्याकडे बघत राहिली.

न्यायाधीशांनी दोन्ही दाखले पुन्हा पुन्हा पाहिले. वकिलाला म्हणाले, यांच्या बोलण्यावर माझा विश्वास आहे. पण सरकारी दप्तरात मृत्यूच्या दोन नोंदी असताना मला दाखला देता येणार नाही. आधी गावची नोंद रीतसर रद्द करून आणा. त्याचा अर्ज वेगळा, तो इंदापूरला. मग पुढची तारीख जूनची, कारण मध्ये कोर्टाला सुट्टी.

झुंबरने वकिलाला विचारलं, मे महिन्यात काही होईल का. वकील फाईल बांधत म्हणाला, "नाही हो ताई." त्याच्या आवाजातला गोडवा गेला होता, त्यालाही वाईट वाटलं असावं.

एसटी स्टँडवर झुंबर गाडीची चौकशी करायला खिडकीकडे गेली. दोघं म्हातारी बाकावर बसली. मधे भाकरीचं फडकं होतं. ते कुणी सोडलं नाही.

दगडाबाई म्हणाली, "दवाखान्यात पानी मागितलं का त्यानं?"

जोतीरामने समोर बघितलं. इंदापूरची गाडी लागत होती, माणसं धावत होती.

"न्हाय," तो म्हणाला. "झोपला हुता."

दगडाबाईने फडकं उचलून मांडीवर घेतलं. "आता तुमचं काय खरं मानू म्या," म्हणाली, आणि उठून एकटीच गाडीकडे चालायला लागली.