पांढऱ्या पायाची गाडी

मित्रांनो, दोरीच्या पलीकडे उभी असलेली ती बुटकी, हिरवी, बिनछपराची गाडी म्हणजे मी. माझ्या नाकावर पोचा आहे, एक आरसा दुसऱ्यापेक्षा लहान आहे आणि माझ्यात बसायला जागा फक्त एकालाच. पण मी शर्यतीची गाडी आहे. आज म्हातारी झाले असले, तरी एके काळी मला बघायला हजारो माणसं पावसात भिजत उभी होती. त्या दिवसाची गोष्ट सांगायची तर आधी माझ्या घराची सांगायला हवी.

माझा जन्म अण्णांच्या गॅरेजमध्ये झाला. दिवसा तिथे लोकांच्या गाड्या दुरुस्त व्हायच्या. संध्याकाळी शटर अर्धं खाली ओढून अण्णा मला घडवायचे. त्यांनी लोखंडी नळ्या जोडून माझा सांगाडा केला. मोडीत निघालेल्या एका गाडीचं इंजिन आणून ते पार उघडलं, घासलं आणि नव्याने बसवलं. पत्रा ठोकायला शेजारचे पत्रेवाले काका यायचे. ते ठोकता ठोकता माझ्याशी बोलायचे. "वळ गं बाई, इतके कसले नखरे," असं म्हणत त्यांनी मला नाक दिलं. हिरवा रंग तर कुणाच्या तरी दारं-खिडक्या रंगवून उरलेला होता. त्यामुळे मोठ्या संघांच्या चकचकीत गाड्यांच्या रांगेत मी उभी राहिले की एखाद्या घराची खिडकीच पळून आली आहे, असं वाटायचं.

अण्णांना दोन मुलं. थोरला दादा आणि धाकटी ताई. दादा माझा पहिला चालक. ताई दवाखान्याची रुग्णवाहिका चालवायची आणि कामावरून आली की बाह्या सरसावून थेट माझ्या खाली शिरायची. दादाचा स्वभाव तापट, पण स्टीअरिंग हातात आलं की तो शांत व्हायचा. आम्ही दोघांनी मोठमोठ्या गाड्यांच्या नाकी नऊ आणले. लोक माझं कौतुक करायचे. "चिमुकली आहे, पण भारी आहे," म्हणायचे. मी फुलून जायचे.

आमच्या भागातली सगळ्यात मोठी शर्यत तळ्याभोवतीच्या रस्त्यावर व्हायची. हा रस्ता तळ्याच्या काठाने जायचा, मग डोंगर चढायचा आणि घाटाने पुन्हा खाली यायचा. एरवी त्यावरून दुधाच्या गाड्या आणि बस जायच्या. शर्यतीच्या दिवशी तो आमच्यासाठी मोकळा ठेवायचे. आमच्या दुसऱ्याच वर्षी त्या घाटात, उतारावरच्या मोठ्या वळणावर कुणाच्या तरी गाडीचं तेल सांडलं होतं. दादाला ते दिसलं नाही. मी घसरले, कठड्यावर आदळले आणि उलटी झाले.

मला पत्रा ठोकून सरळ करता आलं. दादाचा डावा गुडघा मात्र पुन्हा कधी वाकला नाही. गाडीचा गिअर बदलायचा तर आधी डाव्या पायाने क्लचचं पेडल दाबावं लागतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते दाबणारा पायच काठीसारखा ताठ झाला. दादाचं गाडी चालवणं संपलं.

आणि मला नाव पडलं. शर्यतीतले लोक मला पांढऱ्या पायाची म्हणू लागले. म्हणजे जिथे जाईल तिथे वाईट घेऊन येणारी. मित्रांनो, मला पाय नव्हतेच, होती ती चार काळी चाकं. पण बोलणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? दादा-ताईच्या आईने माझ्यावर ताडपत्री टाकली आणि ती बाजूच्या दाराने ये-जा करू लागली, मी दिसायला नको म्हणून. तिचा मला राग आला नाही. लेकाला काठी टेकत चालताना ती रोज बघत होती.

अण्णा मात्र मला दुरुस्त करत राहिले. पुढच्या मोसमात त्यांनी एका चालकाला विचारलं, त्याला ताप आला. दुसऱ्याच्या घरी अचानक लग्न निघालं. तिसरा निदान खरं बोलला. "अण्णा, तुमच्याबद्दल आदर आहे, पण त्या गाडीत मी बसणार नाही."

तो निघून गेला. मग ताई हात पुसत म्हणाली, "मी बसते."

"तू?" दादा म्हणाला. "तू कधी शर्यतीत उतरली आहेस?"

"रोज उतरते. फक्त मागे पेशंट असतो."

"तायडे, चेष्टा नको. तो घाट तुला माहीत नाही."

"दादा, त्याच घाटातून तुला दवाखान्यात कुणी नेलं?"

दादाने मग एक अट घातली. रस्त्याकडेला तो पाटी घेऊन उभा राहील आणि त्याने 'थांब' अशी पाटी दाखवली, तर ताईने मुकाट्याने थांबायचं. ताईने मान हलवली.

शर्यतीच्या आदल्या दिवशीच्या सरावात माझं इंजिन खोकत होतं, त्यामुळे आम्हाला सगळ्यात मागची जागा मिळाली. शर्यतीच्या दिवशी सकाळपासून पाऊस. पुढे रंगीबेरंगी गाड्यांच्या रांगा आणि सगळ्यांच्या पुढे मिशीवाल्याची लाल गाडी. मिशीवाला म्हणजे तीन वर्षांचा विजेता. त्याचं इंजिन माझ्या दुप्पट ताकदीचं होतं. आमच्या शेजारच्या गाडीचा चालक ताईकडे बघून हसला आणि त्याने आपली गाडी माझ्यापासून जरा लांब सरकवली.

झेंडा पडला. बाकीच्यांनी एकदम जोर लावला, तशी त्यांची चाकं ओल्या रस्त्यावर जागच्या जागी फिरली. ताईने तसं केलं नाही. ती ज्या हाताने पेशंट न्यायची, त्याच हाताने तिने मला नेलं. मोडलेल्या हाडाला धक्का लागू नये, असं. ब्रेक हळू, वळण हळू, जोर हळू. आणि गंमत अशी, की त्या हळूपणात आम्ही सगळ्यांपेक्षा वेगात होतो. पहिल्या फेरीतच पाच गाड्या मागे पडल्या. दुसऱ्या फेरीत आमच्या शेजारचा तो हसरा चालक तळ्याकाठच्या चिखलात रुतलेला दिसला. माझ्या पोटातलं इंजिन गाऊ लागलं होतं. किती महिने मी ताडपत्रीखाली होते, ते त्या क्षणी मी विसरले.

शर्यत दहा फेऱ्यांची होती. चौथ्या फेरीत, चढावर, ताईने क्लच दाबला आणि पेडल एकदम खाली जाऊन पडलं. तार तुटली होती.

मला वाटलं, संपलं. क्लचशिवाय गिअर टाकायला गेलं, तर माझ्या पोटातली दातेरी चाकं एकमेकांवर आपटून तुटली असती. पण ताईने डावा पाय बाजूला घेतला, जणू त्याचं काम झालं होतं. तिने मान किंचित कलती केली आणि ती ऐकू लागली. गिअरचा दांडा तिने दोन बोटांनी मधल्या जागेत आणला. इंजिनचा आवाज उतरू दिला. तो नेमका जिथे यायला हवा तिथे आला आणि दांडा पुढच्या गिअरमध्ये गेला. कुठे खट्ट नाही, कुठे करकर नाही. पाहुण्याने उंबरठा ओलांडून घरात यावं, इतका सहज.

डोंगरमाथ्यावर कोपर दुमडावं तसं एक वळण होतं. तिथे तर थेट पहिल्या गिअरवर यावं लागायचं. ताईने दांडा मध्ये ठेवून इंजिनला हलकेच रेटलं, आवाज चढवला आणि गिअर टाकला. मी सोडून कुणाला कळलंही नाही.

म्हणजे एकाला कळलं. पाचवी फेरी सुरू होताना दादाने माझा आवाज ऐकला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. दोन गिअरच्या मधली ती जास्तीची थांबण्याची जागा त्याच्या कानाने पकडली होती. पुढच्या खेपेला तो काठी टाकून रस्त्याच्या अगदी कडेला आला होता. हातात पाटी होती. 'थांब'.

ताईने पाटी बघितली. थांबली असती, तर क्लचशिवाय मी पुन्हा हललेच नसते. तिने एक हात वर केला, माझा वेग तसाच ठेवला आणि आम्ही घाटाकडे निघालो.

ते वळण पुन्हा आलं. जिथे मी उलटी झाले होते, तिथला कठडा अजून नव्या सिमेंटचा दिसत होता. खरं सांगते, मित्रांनो, प्रत्येक फेरीला मी तिथे घाबरत होते. ताईचे हात मात्र सैल होते. वेग तिने लवकर कमी केला, बाकीचे ब्रेक दाबायचे त्याच्या कितीतरी आधी, आणि मग मला आपसूक वाहू दिलं. वळण आलं आणि गेलं. इतकंच.

पुढच्या फेरीला दादाच्या हातातल्या पाटीवरचं 'थांब' बाहीने पुसलेलं होतं. त्यावर वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'पुढे फक्त चार'. मग 'दोन'. मग नुसतंच 'मिशी'.

आता लोक छत्र्या मिटून उभे होते, कारण छत्रीआडून नीट दिसत नव्हतं. शेवटच्या फेरीच्या चढावर आम्ही लाल गाडीला गाठलं. मिशीवाला कच्चा नव्हता, त्याने वाट अडवून धरली. कोपराच्या वळणावर त्याने जोर लावला, तशी त्याची सगळी ताकद रस्त्यावरच्या पाण्यात नुसती फिरत राहिली. ताईने त्याच क्षणी कानाने पहिला गिअर शोधला. मी एकही चाक घसरू न देता आतल्या बाजूने वर आले आणि लाल गाडी माझ्या लहान आरशात दिसू लागली. उतारावर तो अंगावर येऊ पाहत होता. मोठ्या वळणापाशी त्याने उशिरा ब्रेक दाबला, त्याची गाडी बाहेरच्या बाजूला भरकटली आणि आरसा रिकामा झाला.

तळ्याकाठच्या सरळ रस्त्यावर आमच्यापुढे कुणीच नव्हतं. नुसता पाऊस, दोन्ही बाजूंना माणसं आणि शेवटी तो झेंडा. सगळ्यात मागून निघालेली, दारं-खिडक्यांच्या रंगाची मी सगळ्यात पुढे पोचले.

ताईने मला दादाजवळ नेऊन उभं केलं. इंजिन धडपडलं आणि बंद पडलं.

"पाटी दाखवली होती," दादा म्हणाला.

"दिसली."

"मग?"

"थांबले असते, तर ढकलायला तूच आला असतास. त्या पायाने."

तेवढ्यात मिशीवाला आला. चिखलाने माखलेला. त्याने टोपी काढली आणि विचारलं, "तुझे गिअर काहीतरी वेगळेच वाजत होते. क्लच कधी गेला?"

"चौथ्या फेरीत."

त्याचा विश्वास बसला नाही. तो वाकला, त्याने हाताने पेडल दाबलं, तर ते मेल्यासारखं खाली पडलं. मग त्याने बाकीच्या चालकांना हाका मारून बोलावलं आणि एकेकाला ते पेडल दाबायला लावलं. माझ्यात न बसणारा तो तिसरा चालकही आला. पेडल दाबून झाल्यावर त्याने माझ्या बॉनेटवरचा चिखल आपल्या रुमालाने पुसला. त्यानंतर मला कुणी पांढऱ्या पायाची म्हटलं नाही.

गर्दी पांगल्यावर दादाने विचारलं, "हे शिकलीस कुठे?"

"दवाखान्याची गाडी महिन्यातून एकदा तरी रुसते. मागे पेशंट असताना त्याला काय सांगू, जरा उतरा म्हणून?"

"म्हणजे सहा फेऱ्या डावा पाय वापरलाच नाहीस?"

"पेडलच नव्हतं. वापरू काय?"

दादाने आपल्या ताठ गुडघ्याकडे बघितलं. शेजारी उभ्या असलेल्या अण्णांनीही बघितलं. मग दादा हळूच म्हणाला, "सुटताना मात्र क्लच लागेल."

"सुटण्यापुरता हाताने ओढायचा दांडा बसवू," अण्णा म्हणाले. खिडकीला कडी बसवू म्हणावं, इतक्या साध्या आवाजात म्हणाले. मग ते पाठ फिरवून हत्यारं गोळा करू लागले. त्यांचे खांदे हलत होते.

तो सबंध हिवाळा ताई मला ठोकळ्यांवर चढवून, बाजूला बसून दादाला कानाने गिअर टाकायला शिकवत होती. त्याने माझी किती दातेरी चाकं खाल्ली, ते विचारू नका. पुढच्या मोसमात तळ्याच्या शर्यतीत दादा माझ्यात बसला आणि सातवा आला. आयुष्यात पहिल्यांदा आई शर्यत बघायला आली होती. तिने माझ्या नाकावर हात ठेवला आणि मग सबंध गल्लीला बोलावून जेवू घातलं. बघणाऱ्याला वाटावं, यांचा पहिलाच नंबर आला आहे.

त्यालाही आता खूप वर्षं झाली. नव्या गाड्या आल्या, माझे सुटे भाग मिळेनासे झाले, अण्णा गेले, गॅरेज बंद झालं. मला जुन्या गाड्यांच्या या दालनात आणून ठेवलं. बाहेरून मला रोज पुसतात, पण आत तेल सुकलं, नळ्या कडक झाल्या, टायरना भेगा पडल्या. काही वर्षं तर मला वाटायचं, मी गाडी नाही, गाडीचं चित्र आहे.

मित्रांनो, यंत्राला धूळ मारत नाही, नुसतं उभं राहणं मारतं. तुमच्या घरातलं शिलाईचं यंत्र असो, सायकल असो की पंखा, त्याला तेल द्या, चालवा, आणि चालताना त्याचा आवाज नीट ऐका. बिघडलं तर नावं ठेवण्याआधी उघडून बघा.

माझ्यावर आता दया करू नका, कारण त्याची गरज उरलेली नाही. गेल्या वर्षी पांढऱ्या केसांची एक बाई बाह्या सरसावून माझ्या खाली शिरली आणि तिने माझं तेल, नळ्या, टायर बदलले. तेव्हापासून दर रविवारी सकाळी दालन उघडण्याआधी ती येते, दोरी सोडते आणि मला मागच्या मैदानात दोन फेऱ्या मारून आणते. तेव्हा एखाद्या रविवारी पुन्हा इथे आलात, तर आधी ती माहितीची पाटी वाचू नका. माझ्या बॉनेटवर हात ठेवून बघा. कोमट असेल.