वळण

अंकिताला गणितात पैकीच्या पैकी मिळाले की तिची आजी मथुराबाई म्हणायच्या, "आमच्या वळणावर गेलीय पोरगी." तीच नात परीक्षेच्या धास्तीनं थरथरायला लागली की तिचं वळण लगेच आजोळी, वळसंगला जायचं. चांगलं ते सासरच्या खात्यात आणि वाईट ते सुनेच्या माहेरी, अशी मोठी सोयीची वाटणी होती.

शेवटी तिला दाखवायला नेलं तेव्हा सात रस्ता चौकातल्या डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कुणाला असा त्रास होता का?"

"हिच्या मामाला की," मथुराबाई तत्परतेनं म्हणाल्या. "लई भित्रा. आमच्यात न्हाय कुणी असलं."

"आणि ही घाबरली की तुम्ही काय करता?"

"कोठीच्या खोलीत घालून बाहेरनं कडी लावतो," अंकिताचा बाप युवराज म्हणाला. "वळण लागावं म्हणून."

डॉक्टरांचं पेन थांबलं. "थोडं रक्तातून येतं, पण ते वाढवायचं की नाही हे घर ठरवतं. ती कडी लावणं आधी बंद करा."

"म्हंजे रक्तातलंच," मथुराबाई समाधानानं म्हणाल्या. ऐकतानाही त्यांनी सोयीचं तेवढंच उचललं होतं.

 घरी आल्यावर अंकिताच्या आईनं, रेश्मानं, स्क्रू काढून कोठीची कडी उपटली आणि सासूच्या पुढ्यात ठेवली.

"आत्या, भीती माझ्या माहेरची असंल, ती मी घेते. ही कडी मातर तुमच्याकडची हाय. उशाला घेऊन झोपा."

युवराज ताडकन उठला.

"तुमी बसा," ती म्हणाली. "तुमालाबी वळण लागायला पायजे."