डर्व्हलाचा आवाज

कोल्मन टिअर्नीने जिथे हात घातला तिथे नाव काढलं. सात नाटकं, रेडिओवर वीस श्रुतिका, टीव्हीवर एक मालिका आणि एक सिनेमा. बायकोला मात्र त्याने एकाच श्रुतिकेत काम दिलं होतं, तेही लग्नाच्या वर्षी. पुढे दर वेळी डर्व्हला विचारायची, "यात मी आहे का रे?" आणि हा म्हणायचा, "पुढच्या वेळी नक्की." अशी चाळीस वर्षं गेली.

मग डर्व्हलाच गेली. येत्या रविवारी तिला जाऊन महिना होणार म्हणून चर्चमध्ये तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना होती आणि नंतर सगळं गाव चहा-सँडविचला घरी येणार होतं. मुलीने एवढंच मागितलं होतं, "बाबा, त्या दिवशी आईचा आवाज ऐकवा." घरात तो कुठेच नव्हता. कुणी फोन उचलला नाही की वाजणारा निरोपसुद्धा कोल्मननेच भरलेला होता. त्याचा आवाज म्हणे जास्त कमावलेला!

कॉर्क शहरातल्या रेडिओ केंद्राच्या तळघरात टेपा सांभाळणारी गोबनेट अजून होती. निवृत्तीला चार महिने उरले होते, पण जिभेची धार तीच.

"अगं बाई, सिनेमावाले! वाट चुकलात की काय?"

"टोमणे मग मार. दीपगृहाची श्रुतिका हवीय. डर्व्हला होती बघ त्यात."

गोबनेटचा चेहरा उतरला. "फार वाईट झालं रे." तिने वही चाळली, फळीवरून एक डबा काढला. "हा घे. नंबर हाच आहे."

कोल्मनच्या जिवात जीव आला. टेप फिरू लागली. घोडागाडी खडखडली आणि एक म्हातारा खाकरला. कोल्मनने लगेच ओळखलं. ही त्याची बक्षीस मिळालेली श्रुतिका, हिच्यामुळेच त्याला टीव्हीचं बोलावणं आलं होतं.

"ही नव्हे गं. चुकीची लावलीस."

गोबनेटने डबा पुढे ओढला. डब्यावर चिठ्ठीवर चिठ्ठी चिकटवलेली होती. तिने वरची नखाने सोलली. खाली 'दीपगृह' लिहिलं होतं आणि त्यावर आडवं, कोल्मनच्याच अक्षरात: 'प्रसारण झाले. पुसण्यास हरकत नाही.'

तेव्हा केंद्रात टेपांचा दुष्काळ होता. ज्याला नवी श्रुतिका करायची, त्याने आपली एक जुनी पुसायला द्यायची, असा रिवाज. कोणती द्यायची ते ज्याचं त्याने ठरवायचं.

"मी विचारलं होतं तुला," गोबनेट हळूच म्हणाली. "म्हटलं, अरे, यात तुझी बायको आहे ना?"

"मग? मी काय म्हणालो?"

"राहू दे रे आता."

"सांग."

"म्हणालास, तिला काय, घरी रोज ऐकतोच की."

टेप तशीच चालू होती. घोडागाडी निघून गेली, म्हातारा मेला आणि शेवटी निवेदकाने लेखक म्हणून एकदा आणि दिग्दर्शक म्हणून एकदा, कोल्मन टिअर्नी हे नाव अगदी स्वच्छ उच्चारलं.