भाकरीखालची दालचिनी

जानेवारीतलं ऊन खिडकीतून आत येऊन ओट्यावर पसरलं होतं आणि त्या उन्हात महेश्वरी पेरू चिरत होती. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेनंतर येतात तसले पेरू, बाहेरून पिवळे, आतून गुलाबी. ऊन एका फोडीवर क्षणभर थांबायचं, ती पातेल्यात गेली की दुसरीवर सरकायचं. रविवार होता. गल्लीच्या टोकाचे यंत्रमाग बंद होते, त्यामुळे सगळी दुपारच कुणीतरी रजईखाली ठेवल्यासारखी वाटत होती.

बाहेर सोप्यात तिची आई गंगम्मा भिंतीला टेकून बसली होती. मागच्या पावसाळ्यातल्या तापानं तिचं नाक नेलं होतं. ताप उतरला, पण वास काही परत आला नाही. आधी तिनं ते कुणाला सांगितलंच नाही. मग एका दुपारी महेश्वरी कॉलेजातून घरी आली, तर सगळं घर धुरानं भरलेलं. गॅसवर दुधाचं पातेलं काळंठिक्कर पडलेलं, आणि गंगम्मा शेजारच्याच खोलीत निवांत शेंगा फोडत बसलेली.

"जिला जळल्यालं कळत न्हाय, तिनं चूल कशाला पेटवावी?" एवढंच ती म्हणाली. वळसंगहून लग्न होऊन आल्यापासून रोज थापलेल्या भाकऱ्या त्या दिवशी थांबल्या. आता भाकरी कोपऱ्यावरच्या बाईंकडून विकत यायची. गंगम्मा त्यातला चतकोर खायची आणि ताट सारायची. हातातल्या बांगड्या कोपराकडे घसरू लागल्या होत्या.

डॉक्टरांनी उपाय सांगितला होता, की लवंग, लिंबू, दालचिनी बाटल्यांत भरायची आणि रोज हुंगायची. गंगम्मानं बाटल्या परत सारल्या. "हुंगत फिरायला मी काय मांजर हाय?"

अधूनमधून तिला भासही व्हायचा. "काय तर जळायलंय," म्हणत ती दचकून उठायची. महेश्वरी धावत जायची, तर गॅस बंद आणि ओटा थंडगार. महेश्वरी रसायनशास्त्र शिकवायची. नाकातल्या नसा पुन्हा जोडल्या जाताना अशा खोट्या खबरी येतात, हे तिनं वाचलं होतं आणि आईला तसं समजावूनही दिलं होतं. तेव्हापासून गंगम्मा दचकायची, पण बोलायची नाही.

आज महेश्वरीनं ठरवलं होतं, आई बाटली हुंगत नसेल तर अख्ख्या घराचीच बाटली करायची. कॉलेजातल्या एका मैत्रिणीनं तिला कॉब्लर शिकवला होता. तळाशी फळाच्या फोडी, गूळ आणि दालचिनी, वर पिठाचे गोळे विरळ विरळ टाकायचे आणि ओव्हनमध्ये भाजायचं. गोळ्यांच्या मधल्या फटींतून वाफ उठते आणि घरभर हिंडते. त्या फटींवरच महेश्वरीची सगळी भिस्त होती.

तिनं मैदा टाळून ज्वारीचं पीठ घेतलं, आणि तिथंच गाडी अडली. थंड पाण्यात पीठ जमेना. गोळा करावा तर बोटांतून गळून पडे.

"अव्वा, जरा येतेस का?" तिनं आईला हाक मारली.

"काय झालं?"

"पीठ फुटतंय."

गंगम्मा उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथूनच परातीत डोकावली. "थंड पाण्यात ज्वारी? लई शिकलीस की गं! उकळतं पाणी वत." मग तिला राहवेना. पदर खोचून ती आत आली. गरम पाण्यानं पीठ वळलं, तळहाताखाली पुढं-मागं सरकत मऊ झालं.

"आता छोटे छोटे गोळे टाक, मध्ये जागा सोडून."

"व्हय, व्हय," गंगम्मा म्हणाली. पण तिच्या हातांनी ऐकलं नाही. गोळा परातीत पडला, हात थापू लागले, बांगड्या वाजू लागल्या. पीठ गोल गोल फिरत, चंद्र वाढावा तसं वाढत गेलं. महेश्वरी पाहत राहिली. तो आवाज या घरात किती दिवसांनी होत होता! बघता बघता आख्खी भाकरी पेरूंवर बसली, काठ चिमटीनं दाबून बंदही झाले.

"अव्वा, फटी राहायला हव्या होत्या."

"भोकं ठिवून भाकरी करतं का कोण?"

महेश्वरीनं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं. सगळा वास आता भाकरीखाली कोंडलेला राहणार होता. पण ती भाकरी फोडायला तिचा हात धजावला नाही.

दोघी सोप्यात येऊन बसल्या. आतून ओव्हनची हलकी गुणगुण येत होती. दाराच्या चौकटीतून तिरप्या पडलेल्या उन्हाच्या पट्ट्यात धुळीचे कण तरंगत होते. वासही असाच तरंगत येतो, महेश्वरीला वाटलं, एकेक कण, वाट चुकत, भिंतीला धडकत, कुणाच्या तरी श्वासात शिरेपर्यंत. तिचे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत तिला दिसलं, की घर पाण्यात बुडालंय, आई तळाशी शांत बसलीय, आणि वरून दालचिनीच्या तांबूस साली हळूहळू खाली येतायत, तिच्यापर्यंत मात्र पोचत नाहीत.

"महेश्वरी."

तिनं डोळे उघडले. गंगम्मा ताठ बसली होती.

"काय अव्वा?"

"काय न्हाय." मग अगदी खालच्या आवाजात, "जळायलंय."

महेश्वरीनं श्वास घेऊन पाहिला. तिला काहीच कळेना. दुपारभर दालचिनी कुटून तिचं स्वतःचं नाक थकलं होतं. 'भास असेल' हे शब्द ओठांवर आले होते. ते तिनं गिळले आणि आजवर कधी विचारलं नव्हतं ते विचारलं.

"काय जळतंय?"

गंगम्मानं डोळे मिटले. खूप लांबून कुणी हाक मारतंय आणि आवाज ओळखायचाय, तसा तिचा चेहरा झाला.

"आदी नुसतं जळायचं. नाव नसायचं त्याला. हे..." ती थांबली. "हे ग्वाड हाय. गूळ हाय गं! आन त्याच्या मागनं चक्के." दालचिनीला ती माहेरच्या कानडीत चक्केच म्हणायची. "जा की! बसलीस काय?"

महेश्वरी धावली. ओव्हन उघडला तर भाकरी कडक, सोनेरी, मधोमध जराशी फुगलेली. पण एका काठाला चिमटी सुटली होती. तिथून पेरूचा रस गुळासकट बाहेर येऊन भांड्याच्या कडेवर काळा पडला होता आणि त्यातून धुराची बारीक रेघ निघत होती. रेघ वळली, महेश्वरीच्या खांद्यावरून सोप्याकडे गेली.

तिला हसू आलं आणि डोळेही भरले.

गंगम्मा मागं येऊन उभी होती. तिनं उलथन्यानं भाकरीवर टकटक केलं आणि मधोमध फोडली. कोंडलेली वाफ एकदम वर आली. ती वाकली, वाफेत चेहरा बुडवून कितीतरी वेळ तशीच राहिली.

"पेरूचा वास न्हाय येत," शेवटी ती म्हणाली. "जळल्यालाच तेवढा येतोय. आन चक्के, पुसट."

"येईल तोही."

"यील तवा यील." गंगम्मानं उलथनं भांड्याच्या कडेला लावलं आणि काळी खरवड खरडायला लागली. "ही माझी. तू मधलं घे." एक तुकडा तिनं तोंडात टाकला, डोळे मिटून चघळला. मग ओट्यावरच्या दुधाच्या पिशवीकडे पाहिलं.

"आण हिकडं. दूध मी तापवती."

महेश्वरीनं पातेलं तिच्या हातात दिलं आणि स्वयंपाकघरातून बाहेर आली.