मर्यादेच्या आतला आवाज

मित्रांनो, मला डोळे नाहीत, नाक नाही, हातपाय नाहीत. मी सगळाच्या सगळा एक कान आहे. शहराच्या कचेरीतला मी एक जुना ध्वनिमापक; कोणता आवाज किती मोठा, हे डेसिबलच्या आकड्यात सांगणे हे माझे काम. आकाराने मी टीव्हीच्या रिमोटएवढा आहे, असे लोक म्हणतात. माझ्या टोकाला स्पंजची गोल टोपी असते. वाऱ्याच्या फुंकरीने मी उगाच भडकू नये म्हणून ती घालतात.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एक खोली होती, तिच्या भिंती आवाज गिळून टाकत. त्या शांततेत मी पहिल्यांदा जागा झालो आणि पहिला आवाज ऐकला, तो मला तपासणाऱ्या माणसाच्या पोटातल्या गुरगुरीचा. बिचारा जेवायचा राहिला होता. मी लगेच आकडा दाखवला. पण मला प्रश्न पडला, हा आवाज कसला? याला काही हवे आहे का? तेव्हापासूनची ही खोड अजून गेलेली नाही. नुसता आकडा सांगून माझे समाधान होत नाही. आवाज कोणाचा आणि कशापायी, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

पुढे मी तपासनीस बाईंच्या हाती आलो. वस्तीत दिवसा किती आवाज चालेल, रात्री किती, हे शहराच्या नियमांत ठरलेले असते. कोणी तक्रार केली की बाई मला पिशवीत घालून निघत. निघण्यापूर्वी त्या माझ्या तोंडावर एक छोटी डबी बसवत. ती डबी एकच सूर धरून गाते. तिचा आकडा मी बरोबर दाखवला, तरच बाहेर पडायचे. रोज तोच पेपर आणि रोज तेच उत्तर.

मोजणीची रीत ठरलेली. आवाज करणाऱ्याच्या दारात नाही, तर तक्रार करणाऱ्याच्या खिडकीत मला धरायचे. आणि मोजणी चालू असताना कोणी चकार शब्द काढायचा नाही. हे दुसरे मात्र कोणालाच जमत नसे. एकदा एका काकांनी शेजाऱ्यांच्या टीव्हीची तक्रार केली होती. बाईंनी मला खिडकीत धरले मात्र, काका माझ्यापाशी येऊन ओरडले, "बघा, बघा! आहे की नाही कटकट?"

"काका, आता यंत्रात तुमचाच आवाज आलाय," बाई म्हणाल्या.

"माझा कसा? मी तर तक्रार करतोय!"

पुन्हा मोजले, पुन्हा काका बोलले. शेवटी काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन बसवले, तेव्हा कुठे बिचाऱ्या टीव्हीला संधी मिळाली.

एका गल्लीतली तक्रार मात्र मी विसरू शकत नाही. तिथे तिसऱ्या मजल्यावर एक नर्सताई एकट्या राहत. त्यांना कायमची रात्रपाळी होती. आपण उठतो तेव्हा त्या झोपायला घरी येत. आणि समोरच, खाली, एका तांबटकाकांचे दुकान होते. काका आणि त्यांची लेक, दोघे मिळून तांब्याची भांडी घडवत. इकडे ताई डोळे मिटत आणि तिकडे हातोडा सुरू होई.

"एकवेळ माझी झोप गेली तरी चालेल," ताई बाईंना म्हणाल्या. आवाज इतका दमलेला होता की माझा आकडा जेमतेम हलला. "पण परवा पेशंटला औषध देताना भलतीच बाटली हातात आली. सोबतीणीचं लक्ष गेलं म्हणून निभावलं. पुन्हा तसं झालं तर?"

म्हणजे प्रश्न नुसत्या झोपेचा नव्हता. आणि दुसऱ्या बाजूला, आकडा मर्यादेबाहेर गेला तर तांबटकाकांना ठोकणे बंद करावे लागणार होते. ठोकल्याशिवाय का भांडे घडते? माझ्या जिवाला घोर लागला.

बाई आधी खाली गेल्या. "काका, हे यंत्र तुमचा हातोडा मोजणार आहे. मी वर खिडकीत धरते. तुम्ही नेहमीसारखं काम करा."

"हातोडा मोजणार?" काकांच्या आवाजाला एकदम तजेला आला. "मोजा की! बिनधास्त मोजा!"

आम्ही वर गेलो. मोजणी सुरू झाली आणि मित्रांनो, मी हादरलोच. काय ते घाव, काय तो दणका! आकडा मर्यादा ओलांडून वर वर चढू लागला. तेवढ्यात ठोके क्षणभर थांबले आणि खालून लेकीचा आवाज आला, "बाबा, आज झालंय काय तुम्हाला? नवा सदरा काय घातलाय, सगळ्यात मोठं पातेलं काय काढलंय! अशानं पत्रा फाटेल."

"गप गं. वरून मोजतायत. तुझ्या बापाचा हात अजून कसा आहे, कळू दे त्यांना."

काकांना वाटले होते, आपल्या कारागिरीची परीक्षा घ्यायला कचेरीतून यंत्र आले आहे! बाईंना हसू आवरेना. त्यांनी खिडकीतूनच सांगितले, "काका, ही परीक्षा नाही हो! रोजचं भांडं घ्या, रोजच्यासारखं ठोका!"

दुसऱ्यांदा मोजणी झाली. या वेळी ठोके एकसारखे, बेताचे होते. बराच वेळ मोजून झाल्यावर बाई म्हणाल्या, "ताई, आवाज मर्यादेच्या आत आहे. थोडासाच, पण आत आहे. रात्रीची मर्यादा कडक असते, दिवसाची तेवढी नसते."

"म्हणजे आवाज नाहीच, असं समजायचं का मी?"

"आवाज आहे. पण नियमानं मला काही करता येत नाही."

मला फार वाईट वाटले. माझा आकडा खरा होता आणि ताईंची झोप उडते हेही खरे होते. दोन्ही एकाच वेळी खरे कसे असू शकते, याचा मी विचार करू लागलो.

इतक्यात जिन्यावर धापा टाकणारी पावले वाजली. "किती मार्क पडले?" तांबटकाका दारातूनच म्हणाले. "पहिल्यांदाचेच धरा हं. दुसऱ्यांदा काय, ते तर रोजचंच होतं."

खाली लेकीने काम चालूच ठेवले होते. ठक, ठक, ठक. मग शांत. काका काहीतरी बोलायला गेले, तोच पुन्हा ठक, ठक, ठक.

"हे आमच्याकडचं?" त्यांनी हळूच विचारले.

"तुमचंच," ताई म्हणाल्या. "ठोके चालू असतात ना काका, तेव्हा एवढं काही नाही. थांबतात तेव्हा वाईट. वाटतं, संपलं, आता डोळा लागेल. आणि मी पडल्या पडल्या पुढच्या ठोक्याची वाट बघत राहते."

काका ऐकत उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी तो हातोडा स्वतःच्या हातात ऐकला होता, समोरच्या खिडकीतून कधीच ऐकला नव्हता. ठोके पुन्हा थांबले. खोलीतले सगळेच श्वास धरून होते, हे मला बरोबर ऐकू येत होते. मग एकदम घाव पडला आणि कोणीतरी दचकले. ते काकाच होते.

"खिडकीशी ही गादी कशाला उभी केलीय?" त्यांनी विचारले.

"लावून झोपते. आत उकडतं, पण दुसरं काय करू?"

काका खिडकीत गेले आणि लेकीला हाका मारू लागले. "अगं ए! थांब जरा! वर ये!" हातोड्यापुढे तिला ऐकू जाईना, म्हणून त्यांनी आवाज चढवला. त्या दिवशीचा सगळ्यात मोठा आकडा त्या हाकेचा होता. बाईंनी तो मोजणीत धरला नाही.

लेक वर येईपर्यंत काकांनी ताईंना विचारून घेतले होते, झोपता कधी, उठता कधी. "सकाळी आपण घासायचं, पत्रा कापायचा, कल्हई करायची," ते लेकीला म्हणाले. "ठोकायचं दुपारनंतर, ताई उठल्या की."

"बाबा, दुपारच्या उन्हात ठोकायला नको, म्हणून तर आपण सकाळी ठोकतो. दुपारी तिथे जीव नकोसा होतो," लेक म्हणाली. तिचेही खोटे नव्हते.

"बरं. तू इथे उभी राहा. मी खाली जाऊन ठोकतो. मग तू सांग."

काका गेले. ठोके सुरू झाले, थांबले, सुरू झाले, थांबले. लेकीची पावले खिडकीशी गेली. शेवटी म्हणाली, "ताई, तुम्ही रोज असं ऐकत पडता? कधी येऊन बोलला का नाहीत?"

"झोपेतून उठून भांडायला येण्याइतकं त्राणच नसायचं गं."

"दुकानाच्या दारावर जाड पडदा टांगू आपण," लेक म्हणाली. "मग दुपारी ऊन तेवढं लागायचं नाही."

काही आठवडे गेले. ठोकण्याची वेळ बदलल्यावर ताईंच्या खिडकीत पुन्हा एकदा मोजायचे राहिले होते, म्हणून एके सकाळी बाई मला घेऊन त्या गल्लीत गेल्या. दुकानातून भांडी घासल्याची खसखस तेवढी येत होती. जिना चढून आम्ही ताईंच्या दाराशी थांबलो. आता घंटी वाजेल, मग दार उघडेल, म्हणून मी कान टवकारले. पण घंटी वाजेना. बाई थांबल्या कशाला, मला काही कळेना.

मग मलाही ऐकू आले. दारापलीकडे ताई घोरत होत्या. मंद, खोल, अगदी निवांत. आयुष्यात मी हजारो आवाज मोजले, पण इतका आवडलेला आवाज मला दुसरा आठवत नाही. बाईंनी चपला हातात घेतल्या असाव्यात, कारण जिना उतरताना त्यांच्या पावलांचा जराही आवाज झाला नाही. त्या दिवशी मी एकही आकडा न दाखवता कचेरीत परतलो.

आता मी कपाटात असतो. नवी यंत्रे खांबांवर बसून आपणहून आवाज मोजतात आणि मला कोणी बाहेर काढत नाही. क्वचित कपाटाचे दार करकरते, तेव्हा आशा वाटते, पण हात शेजारच्या वस्तूकडे जातो. त्याचे दुःख आहेच. तरी मला एकच मागणे मागायचे आहे. मित्रांनो, आपला आवाज आपल्याला कधी मोठा वाटत नाही, आणि तो नियमात बसला की आपण निर्धास्त होतो. तसे होऊ नका. एकदा शेजाऱ्यांकडे जा, त्यांच्या खोलीत गप्प बसा आणि तिथून आपलेच घर ऐका. तिथे कोणी आजारी असेल, कोणी रात्रभर दुसऱ्यांसाठी जागून नुकतेच अंथरुणाला टेकले असेल. आवाज किती, एवढेच मला सांगता येते. तो कोणाला किती लागतो, हे कळायला तुम्हालाच जिना चढावा लागेल.