हुक नाइन्टीनची हजेरी

माझ्या मुलीने, मधुरिमाने, अट घातली होती. आधी मी तिचा तो पिक्चर शेवटपर्यंत बघायचा, मधे झोपायचं नाही, आणि त्यानंतरच आसामच्या बदलीचा विषय काढायचा. पिक्चर एक तास चाळीस मिनिटांचा होता. मी तीन वेळा बसले आणि तिन्ही वेळा विसाव्या मिनिटाच्या आसपास माझी मान सोफ्याच्या हातावर टेकली.

"आई, तू फिर सो गई," मधुरिमा म्हणायची. ती रागावत नसे. लॅपटॉप मिटायची आणि अभ्यासाला बसायची.

मला झोप येत होती यात माझा काय दोष? सकाळी सहाला उठायचं, डबे करायचे, झिरकपूरच्या एका खाजगी शाळेत सातवी-आठवीला गणित शिकवायचं, आणि परत येऊन घर आवरायचं. आवरायचं म्हणजे या वेळी खोक्यांत भरायचं. माझे यजमान, सुबोध, हवाई दलात आहेत. जानेवारीत त्यांची जोरहाटला बदली झाली आणि ते पुढे गेले. मधुरिमाची अकरावीची परीक्षा संपली की आम्ही दोघींनी मागून जायचं ठरलं होतं. एकोणीस वर्षांच्या संसारातला हा माझा सहावा राजीनामा आणि तिची पाचवी शाळा. सगळ्यांनी एकत्र राहायचं, हा आमच्या घरचा नियम. दर बदलीला मी तो नव्याने म्हणून दाखवायचे आणि दर वेळी सगळे माना डोलवायचे.

या वेळी मधुरिमाने मान डोलवली नाही. "मुझे नहीं जाना. मैं पीजी में रह लूँगी," म्हणाली. सोळा वर्षांच्या मुलीला बारावीच्या वर्षी पीजीत एकटं ठेवायचं, हे काही माझ्या गळी उतरेना. आपण दोघी इथेच राहू, हा विचार मनात येऊन जायचा, पण मी त्याला थारा देत नव्हते. सोमवारी तिच्या शाळेत टीसीचा अर्ज द्यायचा होता. भरलेला अर्ज माझ्या पर्समध्ये होता. कारणाच्या रकान्यात 'वडिलांची बदली' असं मी न बघतासुद्धा लिहू शकते.

राहता राहिला पिक्चर. त्याचं नाव 'हुक नाइन्टीन'. तीस-एक वर्षांपूर्वीचा अमेरिकन पिक्चर. आला तेव्हा सणकून आपटला होता म्हणे, आणि मग हळूहळू कॉलेजच्या पोरापोरींनी त्याला डोक्यावर घेतलं. गोष्ट एका थंड, कंटाळवाण्या गावातल्या शाळेची. शाळेच्या बोळात मुलांचे कोट अडकवायचे हुक असतात, आणि दर आठवड्याला त्यातला एक हुक रिकामा होतो. आकाशातून आलेलं काहीतरी तळघरात बसून मुलं गिळतंय. नुसती मुलं नाही, त्यांची आठवणही गिळतंय. गेलेलं मूल कुणालाच आठवत नाही. मास्तर पुढचं नाव पुकारतात, आई एक ताट कमी मांडते, आणि काही चुकतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. कळतं फक्त नव्याने आलेल्या मुलीला, कारण पहिल्या दिवशी सगळ्यांची नावं पाठ व्हावीत म्हणून तिने ती बाकांप्रमाणे वहीत लिहून ठेवलेली असतात.

इतपत मला विसाव्या मिनिटापर्यंत कळलं होतं. आपल्या लेकीला यात काय सापडलं हेही कळायला हवं होतं. मधुरिमाच्या प्रत्येक शाळेतल्या वहीच्या शेवटच्या पानावर असाच बाकांचा नकाशा असायचा, चौकोन आखून, आत नावं लिहून. मी तो कितीतरी वेळा बघितला होता. दर बदलीला त्या वह्या रद्दीत घालणारी मीच होते. प्रत्येकाला एकच पेटी, असाही आमचा नियम. काळी लोखंडी पेटी, वर पांढऱ्या रंगात नंबर. मधुरिमाची पेटी चौदा नंबरची, आणि तिच्यात जुन्या वह्यांना जागा नव्हती.

रविवारी दुपारी मधुरिमा म्हणाली, "घर पे तू सोएगी ही. आज मेरे साथ चल." शहरात सेक्टर १७मध्ये एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर कोचिंग क्लासचा हॉल आहे. महिन्यातून एका रविवारी तिथे हा पिक्चर लावतात. सेक्टर ३२च्या मेडिकल कॉलेजात शिकणारी कृष्णा नावाची मुलगी हे सगळं जमवते. मी गेले. तिकडे निदान मान टेकायला सोफा नसेल, असा माझा हिशोब होता.

हॉलमध्ये चाळीसेक जण होते. बहुतेक कॉलेजातले, दोघे-तिघे माझ्या वयाचे. प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर पांढरी चादर. कृष्णा पुढे येऊन उभी राहिली. रात्रपाळी करून आली असावी, डोळे माझ्यासारखेच होते. तिने हिंदीत सांगितलं की पिक्चरआधी हजेरी होईल. नव्यांसाठी म्हणून नियमही सांगितला. प्रत्येकाने एक नाव घ्यायचं, आपल्या आयुष्यातून निघून गेलेल्या कुणाचं तरी. त्या नावाचं माणूस हॉलमध्ये किंवा फोनवर असेल तर त्याने 'प्रेझेंट' म्हणायचं. नसेल तर सगळ्यांनी मिळून म्हणायचं.

हा काय पोरखेळ, असं मला वाटलं. एका मुलाने कारगिलकडच्या कुणा मित्राचं नाव घेतलं, सगळे म्हणाले, प्रेझेंट. एका बाईंनी आजीचं नाव घेतलं, प्रेझेंट. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "मेरा कोई नहीं है." कृष्णाने मान हलवली आणि पुढे गेली. पुढे मधुरिमा होती. तिने फोन हातात उंच धरला आणि म्हणाली, "रागिणी. जामनगर. फोर्थ बी."

फोनमधून आवाज आला, "प्रेझेंट."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

रागिणी कोण, ते सांगते. जामनगरला आमच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहायची. मधुरिमा नऊ वर्षांची होती. दोघी शाळेतून येऊन एका ताटात जेवायच्या. आम्ही तिथून निघालो तेव्हा मधुरिमा पंधरा दिवस रोज रडत होती. ट्रक निघाला की मागे वळून बघायचं नाही, आठवड्याच्या आत जुन्या ठिकाणच्या सगळ्या ग्रुपमधून बाहेर पडायचं, हा माझा नियम. तो मी स्वतः रडून रडून शिकले होते आणि लेकीला फुकटात देत होते. रागिणीच्या आईचे दोन फोन आले, ते मी घेतले नाहीत. मग नवीन सिम घेतलं. आणि मधुरिमाला सांगितलं, रागिणीच्या बाबांचीही बदली झाली, त्यांचा नंबर बदलला, आता मिळायचा नाही. ती आणखी आठवडाभर रडली आणि मग थांबली. माझी युक्ती लागू पडली म्हणून मला हायसं वाटलं होतं.

दिवे बंद झाले. त्या दिवशी मला झोप आली नाही.

पिक्चर वाईट आहे, हे मी आजही सांगेन. नट पाठ केलेलं म्हणून दाखवतात. तळघरातला तो राक्षस म्हणजे निळ्या रेनकोटात शिरलेला कुणी माणूस, खाली त्याचे बूट स्वच्छ दिसतात. बूट दिसले की सगळा हॉल शिट्ट्या मारतो. पण त्या नव्या मुलीवर कुणी हसत नाही. ती रोज सकाळी वही उघडून बोळातून फिरते आणि रिकाम्या हुकापुढे उभं राहून नाव घेते. मोठ्या माणसांना सांगायला जाते तर ते म्हणतात, तू नवी आहेस, रुळशील हळूहळू. हे वाक्य मी पाच गावांत म्हटलंय, अगदी याच सुरात.

शेवटी ती मुलगीही जाते. एकोणिसावा हुक तिचा. वही तळघरात ओली होऊन पडते. मग तिचं घर दिसतं. तिची आई जेवणाची ताटं मांडते. घरात माणसं तीन आणि ताटं मांडते चार. चौथ्या ताटाकडे ती बघत राहते. कुणाचं ते तिला आठवत नाही. उचलायला हात पुढे करते, पण उचलत नाही. त्या ताटात वाढते आणि जेवायला बसते. पिक्चर संपतो.

मला रडू फुटलं. तोंडावर ओढणी धरून रडले. मधुरिमा बघत होती.

परतताना झिरकपूरच्या अलीकडे नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. ऑटो जागचा हलत नव्हता. मी म्हटलं, "मधू, रागिणीच्या बाबांची बदली झाली नव्हती. मी खोटं सांगितलं होतं."

"पता है," ती म्हणाली. "एक साल से पता है. पिक्चर के ग्रुप में मैंने उसका नाम लिखा था, तो उसने प्रेझेंट लिख दिया."

"मग मला विचारलं का नाहीस?"

"तू खुद बोले इसलिए." मग म्हणाली, "आपल्यानंतर वो लोग दो साल वहीं थे. ती साइकिल घेऊन आपल्या गेटपे आती थी. नई वाली आंटी तिला शरबत देती थी."

"म्हणून मला पिक्चर दाखवायचा होता?"

"नहीं यार. पिक्चर अच्छा है इसलिए."

मी तिला रागिणीला फोन लावायला सांगितला. ती जरा घुटमळली, पण लावला. पलीकडून मोठ्या मुलीचा आवाज आला. "आंटी, आप वही हो ना, जो छाछ में हींग का तड़का देती थीं?"

मी म्हटलं, वही हूँ. मग गाडीवाल्यांच्या हॉर्नमध्ये जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. नंबर मीच दिला नव्हता, फोन मीच उचलले नव्हते, मधुरिमाला काही माहीत नव्हतं, चूक माझी होती.

"ठीक है आंटी," रागिणी म्हणाली. "मुझे इतने साल लगता था, मैंने ही कुछ किया होगा."

मी फोन मधुरिमाच्या हातात दिला. सात वर्षं एक लहान मुलगी हे मनात घेऊन फिरत होती, आणि मी नव्या गावात पडदे शिवत होते. स्वतःची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

सोमवारी शाळेच्या ऑफिसपर्यंत गेले. पर्समधून अर्ज काढला, पुन्हा वाचला आणि आत ठेवून दिला. तिथल्या बाई म्हणाल्या, देना नहीं है क्या? मी म्हटलं, नहीं जी. मग माझ्या शाळेत जाऊन राजीनामा परत मागितला. हेडमास्तरीण बाई खूश झाल्या, त्यांना मार्चमध्ये गणिताची मास्तरीण कुठून मिळणार होती!

संध्याकाळी सुबोधना फोन केला. "मी आणि मधू वर्षभर इथेच राहतो. बारावी होईपर्यंत. तुम्हाला मेसचं खावं लागेल."

आमचा नियम मोडत होता, आणि मोडणारी मी होते, हे त्यांना पचायला जड गेलं असणार. "पक्का?" त्यांनी विचारलं.

"पक्का."

"बरं. मग पेट्या किती पाठवतेस?"

"तुमची एकच."

"चौदा नंबरची?"

"ती इथेच."

मधुरिमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तू पण?" तिला एकटीला राहायची हौस होती की काय, अशी मला शंका आली. पण मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि दोघींसाठी चहा टाकला. चहात साखर विसरली. मी तसाच प्यायले.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी आम्ही पुन्हा सेक्टर १७ला गेलो. आठवडाभर पेपर तपासून माझी मान अवघडली होती. हजेरी सुरू झाली. मधुरिमाने तांबरमच्या शाळेतलं एक नाव घेतलं. माझी पाळी आली, तेव्हा कृष्णाने मला ओळखलं आणि पुढे जायला निघाली. मी तिला थांबवलं.

"मीनाक्षी," मी म्हटलं. "बरेली. शेजारचं क्वार्टर." मराठीतच बोलून गेले.

मधुरिमा झाली तेव्हा तिला कावीळ होती. सुबोध ड्युटीवर होते. मीनाक्षीने स्वतःचं बाळ सासूकडे सोडून नऊ रात्री माझ्यासोबत काढल्या होत्या. आमची बदली झाल्यावर तिची चार पत्रं आली. पहिल्या तीन पत्रांना मी उत्तर दिलं. चौथं आलं तेव्हा आम्ही पुन्हा सामान बांधत होतो, आणि मग ते राहूनच गेलं. त्यानंतरच मी माझा नियम केला. तिचं आडनावही आता मला नीट आठवत नाही.

हॉलमध्ये कुणीच उत्तर दिलं नाही. कुठल्या फोनमधूनही आवाज आला नाही. मग ती चाळीस अनोळखी पोरंपोरी एकदम म्हणाली, "प्रेझेंट." मधुरिमाचा आवाज त्यात वेगळा ऐकू आला.

दिवे गेले. पिक्चर सुरू झाला, आणि विसाव्या मिनिटाला माझी मान मधुरिमाच्या खांद्यावर टेकली. बूट दिसले तेव्हाच्या शिट्ट्यांनीसुद्धा मी उठले नाही, असं ती नंतर म्हणाली. ताटं मांडायची वेळ आली, तेव्हा मात्र तिने मला हलवून जागं केलं.